बाबांना विचारलंस का?

मी हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. माझ्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. मी गेलो तोही बी.ए. होऊन वडप्याच्या एका गोदामात कारकुनीला लागण्यापुरता. त्यानंतरच्या वर्षांत मी जे लिहिलं ते ट्रकचे नंबर आणि गठ्ठ्यांवरच्या खुणा, एवढंच. तेव्हा सरांसारख्या माणसाबद्दल लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे आणि त्याबद्दल आधीच माफी मागतो. सरांचे माझ्याहून हुशार विद्यार्थी पुष्कळ आहेत. काही तर स्वतः प्राध्यापक झाले. त्यांना सर जास्त कळले असतील. मी मला दिसले तेवढेच सर सांगणार आहे, आणि कुठून दिसले तेही सांगतो. तिसऱ्या रांगेतला, खिडकीकडचा बाक. हे सांगितलं नाही तर सर कुठूनतरी येऊन माझ्या ओळीखाली लाल रेघ मारतील आणि समासात 'कुठून?' असं लिहितील, ही भीती अजून गेलेली नाही.

भिवंडीच्या आमच्या कॉलेजात सर मराठी शिकवायचे. त्यांच्याकडे कथेचा पेपर होता. 'कथेतील निवेदक व दृष्टिकोन स्पष्ट करा' असा दहा मार्कांचा प्रश्न दरवर्षी येई आणि बाजारातल्या गाईडात त्याचं दीड पानी उत्तर तयार मिळे. निवेदकाचे प्रकार, प्रत्येकाची व्याख्या, फायदे, मर्यादा. आम्ही ते पाठ करून जात असू. सर वर्गात आले की पहिल्यांदा टेबलाजवळची लाकडी खुर्ची उचलत आणि वर्गातच कुठंतरी नेऊन ठेवत. कधी कोपऱ्यात, कधी शेवटच्या बाकामागं, कधी अगदी दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. तिथं बसून शिकवत. आम्ही माना वळवून ऐकायचो. एकदा ते खुर्ची घेऊन व्हरांड्यात गेले आणि पूर्ण तास खिडकीच्या गजांतून शिकवला. त्या दिवशीच्या कथेत एक शेजारी शेजारच्या घरातलं भांडण सांगतो. सर म्हणाले, "मी शेजारी आहे. मला आत यायला परवानगी नाही. आतलं मला जेवढं ऐकू येतं तेवढंच मी सांगणार."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, आम्हाला पण ऐकू येत नाही."

"मग तुम्ही त्याहून पलीकडचे शेजारी," सर म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

ते आम्हाला नावानं हाक मारत नसत. सगळ्यांना 'साक्षीदार' म्हणायचे. "बोल साक्षीदार, ही गोष्ट कोण सांगतंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लेखक, असं उत्तर दिलं की ते दोन्ही कानांवर हात ठेवत. लेखक त्याच्या घरी आहे, म्हणायचे, त्याला कशाला उठवतोस. कथेत जो बोलतोय तो कोण? त्याचं वय काय? तो कुठं उभा आहे? त्याला कुणाचा चेहरा दिसतो आणि कुणाची पाठ? त्याला ही गोष्ट सांगावीशी का वाटली? आणि तो काय लपवतोय? एवढ्या प्रश्नांची उत्तरं देता देता तास संपे आणि गाईडातलं दीड पान तसंच राही. हुशार मुली तक्रार करत की पोर्शन पूर्ण होणार नाही. तो कधीच पूर्ण झाला नाही.

त्यांना सर्वज्ञ निवेदक आवडत नसे असं आम्ही समजत होतो, पण ते खरं नव्हतं. ते म्हणत, देवाला सगळं माहीत असतं, म्हणून देव कथा लिहीत नाही. माणसानं देवाच्या खुर्चीत बसायचं तर जपून बसावं. दुसऱ्याच्या मनात शिरायला हरकत नाही. पण शिरल्यावर तिथं जे असेल ते बघायचं. आपल्या खिशातून नेलेलं तिथं ठेवून, हे बघा सापडलं, असं म्हणायचं नाही.

हे सगळं वर्गापुरतं असतं तर सर एक चांगले शिक्षक, एवढंच झालं असतं. पण सर तसेच जगायचे. कॉलेजात गोष्ट सांगत की एकदा प्राचार्यांनी त्यांच्याकडून शिक्षकांच्या खोलीत निरोप पाठवला. सर आले आणि म्हणाले, "प्राचार्यांनी दोनदा टेबलावर हात आपटला. त्यांचा चष्मा खाली पडला. मग मला इकडे पाठवलं, काय म्हणाले ते त्यांनाच जाऊन विचारा." कुणीतरी घाबरून विचारलं, फार चिडलेत का? सर म्हणाले, "ते मला कसं कळणार? मी टेबलाच्या अलीकडे होतो."

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. बाजारात एका रिक्षाची आणि हातगाडीची टक्कर झाली. रस्त्यावर टोमॅटोच टोमॅटो. दोन्हीकडची माणसं गोळा झाली, आवाज चढले, हवालदार आला. कुणीतरी सरांकडे बोट दाखवलं की हे मास्तर इथंच उभे होते. हवालदारानं विचारलं, चूक कुणाची? सरांनी शांतपणे सांगितलं की ते उसाच्या गुऱ्हाळाच्या मागं उभे होते, तिथून त्यांना रिक्षाचं फक्त मागचं चाक दिसलं, ते चाक एकदा थांबलं आणि मग पुन्हा फिरलं. हवालदार वहीत काही लिहिणार होता, त्यानं पेन खिशात ठेवलं. रिक्षावाला म्हणाला, "मास्टर साब, हमारे चाक ने क्या बोला, वो भी बता दो." सगळे हसले. सरही हसले. टक्कर तिथंच मिटली.

घरी काय होत असेल, याची आम्हाला उत्सुकता होती. बाजारपेठेमागच्या आळीत त्यांचं जुनं, दोन खोल्यांचं घर होतं. वह्या घेऊन गेलो की काकू पोहे द्यायच्या. सर पहिला घास घेऊन म्हणायचे, "मला मीठ कमी लागलं." मीठ कमी आहे, असं कधीच नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी एकदाही 'तुला राग आलाय' असं म्हटलं नाही. मला राग आला की मलाच जाऊन सांगावं लागतं, अहो, मला राग आलाय. मग म्हणतात, बरं झालं सांगितलंस." असं म्हणून त्या हसल्या. मला तेव्हा ती निव्वळ गंमत वाटली होती.

आता माझं सांगतो. त्यासाठी बाबांविषयी सांगावं लागेल.

आमचं गाव अंबाडीच्या अलीकडे, वाडा रस्त्यावर. थोडी भातशेती होती. बाकीचे दिवस बाबा निजामपुऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात तारा भरायला जात. नवीन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला लांब रूळ, आला की त्यावरचा एकेक धागा, त्याला तिथं तारच म्हणतात, आधी बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओवावा लागतो. हजारो तारा असतात. हे काम दोघांचं. बीम मधे टांगलेला, एक माणूस मागच्या बाजूला बसून क्रमानं तार देणार, दुसरा पुढच्या बाजूला बसून हुकानं ती ओढून घेणार. बाबा पुढं बसायचे. सुट्टीच्या दिवशी मी मागं. मधे धाग्यांचा पडदा. त्यातून मला बाबांची बोटं दिसत, हुक दिसे आणि कपाळाची एक पट्टी. दिवसभरात ते माझ्याशी एकच वाक्य बोलत, "तार चुकली." माझी तार चुकली नसतानाही कधीकधी ते तसं म्हणत असा माझा समज होता.

आमच्याकडं बाप मोठ्या मुलाशी थेट बोलत नाही. कुणी शिकवलं नाही, तशी रीतच आहे. मधे कुणीतरी लागतं. आई होती तोवर ती मधे होती. मी समोर जेवत बसलेलो असताना बाबा आईला म्हणत, "त्याला सांग, उद्या बांधावर जायचं हाय." आई मला म्हणे, "ऐकलंस ना?" मी आईला सांगे की जाईन. मग आई बाबांना सांगे, जाईल म्हणतो. मी अकरावीत असताना आई गेली. त्यानंतर काही दिवस बाबा काहीच बोलले नाहीत. मग ओट्यावरच्या कुत्र्याला सांगू लागले. "उद्या पहिली एस.टी. पकडायची हाय रं." कुत्रा शेपूट हलवी आणि मी पहिली एस.टी. पकडी. कॉलेजला नाव घातलं तेव्हा फॉर्मवर त्यांनी सही केली, पण काही म्हणाले नाहीत, कुत्र्यालाही नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना वार्षिक अंकासाठी मी एक कथा लिहिली. कारखान्यातला एक बाप, त्याच्या हाताखाली बसणारा कॉलेजातला मुलगा. बाप पुढं बसून तारा ओढतो आणि मनात म्हणतो, याला शिकवून काय उपयोग. याच्या हातात ना पुस्तक नीट राहतं ना तार. शेवटी बाप मुलाची पुस्तकं रद्दीत देतो. पुस्तकं रद्दीत देण्याचा प्रसंग मी कल्पनेनं घातला होता. बाकीचं मला अगदी खरं वाटत होतं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून कथा चांगली झाली असणार असा माझा विश्वास होता.

सरांनी ती तीन दिवसांनी परत दिली. रद्दीच्या प्रसंगाला त्यांनी हातही लावला नव्हता. 'याला शिकवून काय उपयोग' या वाक्याखाली मात्र लाल रेघ होती आणि समासात 'कुठून?'

मी म्हटलं, "सर, तो सर्वज्ञ निवेदक आहे."

"असू दे. पण मला वाचताना त्या बापाचा आवाज ऐकू आला नाही. मुलाचाच आला. बाप बसलाय पुढं, पण त्याच्या तोंडून मागचा मुलगा बोलतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "साक्षीदार, तू बाबांना विचारलंस का?"

मी सांगितलं की कथा काल्पनिक आहे. सर हसले नाहीत. ते म्हणाले, मला तो मुलगा बसतो ती जागा बघायची आहे.

ते खरंच येतील असं मला वाटलं नव्हतं. शुक्रवारी लाईट नसायची म्हणून लूम बंद असत, पण आमचं काम हाताचं, ते चाललेलं असे. एरवी त्या गल्लीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. शुक्रवारी मात्र सायकलची घंटीसुद्धा ऐकू यायची. अशा एका शुक्रवारी दुपारी सर छत्री आणि पिशवी घेऊन कारखान्याच्या दारात उभे राहिले. चपला बाहेर काढल्या. बाबा गडबडून उठले, खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी स्वतःचं स्टूल पुसलं. सर म्हणाले, तुमचं नको, मागचं द्या. आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

मी बाजूला उभा होतो. सरांनी धोतराचा सोगा खोचला, चष्मा सारखा केला आणि धाग्यांमधून पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला द्यायला शिकवा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाखवलं, अशी तार उचलायची, अशी हुकावर ठेवायची, क्रम सोडायचा नाही. सर देऊ लागले. दहाबारा तारा ठीक गेल्या.

"मास्तर, तार चुकली," बाबा म्हणाले.

सरांना फार आनंद झाला. त्यांनी मान वाकडी करून पडद्यातून विचारलं, "तुम्ही तर खाली बघत होता. तुम्हाला कुठून कळलं?"

बाबा म्हणाले, "हाताला कळतं."

सरांनी खिशातली छोटी वही काढून हे लिहून घेतलं. बाबा लाजले. त्यांना असं लाजताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा काम सुरू झालं, पुन्हा तार चुकली. आधीच्या पंधरावीस तारा काढून परत ओवाव्या लागल्या. मी असतो तर बाबांनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला असता. सरांना ते म्हणाले, "होतं तसं. नवीन हात हाय."

मग बाबा भिंतीकडं बघत म्हणाले की मास्तरांना चाय पायजे. म्हणजे मी आणायची. नमाजाची वेळ होती, जवळची टपरी बंद, म्हणून मी किटली घेऊन पार नाक्यापर्यंत गेलो. अर्धा तास तरी लागला असेल. परत आलो तेव्हा दोघं गप्प होते. सर तार देत होते, बाबा ओढत होते आणि एकही तार चुकत नव्हती. बाबांचा हुक मधेच थांबला, मग परत चालू झाला. काहीतरी बोलून झालेलं होतं, हे मला दारातूनच कळलं. सरांनी चहा घेतला, बाबांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि निघाले. मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो.

"सर, बाबा काय म्हणाले?"

सर चालायचे थांबले. "ते मला म्हणाले."

"माझ्याबद्दल म्हणाले का?"

"साक्षीदार, मी तुला सांगितलं तर ते माझं वाक्य होईल. त्यांचं राहणार नाही. तू त्यांना विचार."

"ते माझ्याशी बोलत नाहीत, सर."

"तू त्यांच्याशी बोलताना मला दिसला नाहीस," सर म्हणाले. ते असं म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता, हे मला आज आठवतं. त्या दिवशी मला फक्त राग आला होता. मला वाटलं, हा माणूस आपल्या नियमापायी एवढंसुद्धा करत नाही. मला वाटलं, बाबा काहीतरी वाईटच बोलले असतील. चांगलं असतं तर सरांनी सांगितलं नसतं का?

मी विचारलं नाही. कथाही दुसऱ्यांदा लिहिली नाही. अंक तिच्याशिवाय निघाला.

पुढं महिन्याभरानं सुट्टी लागली आणि मी नेहमीप्रमाणे कारखान्यात गेलो. मागच्या स्टुलावर आजमगढकडचा एक माणूस बसला होता. वयानं बाबांएवढाच. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "तू घरी जा." दुसरं काही नाही. मी दारात थोडा वेळ उभा राहिलो. माझ्या कथेत मी लिहिलं होतं, याच्या हातात ना पुस्तक नीट राहतं ना तार. मला वाटलं, झालं, बाबांनी तेच वाक्य आज म्हटलं. मला काढून टाकलं. आता आपलं आपण बघायचं.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा सरांनी एम.ए.चा फॉर्म आणून ठेवला होता. कल्याणला जावं लागेल, पण तुला जमेल, म्हणाले. फॉर्म देताना परत तेच. "बाबांना विचारलंस का?" मी हो म्हटलं. सरांशी खोटं बोललो तो एकदाच. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म हातात दिला. त्यांना कळलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. तो फॉर्म माझ्या पेटीत राहिला. वडप्याला तेव्हा नवीन नवीन गोदामं उभी राहत होती, एका ठिकाणी कारकून पाहिजे होता, मी लागलो. घरी येऊन कुत्र्याला सांगितलं, "सोमवारपासून ड्युटी हाय रं." बाबा ओट्यावर बसले होते. ते उठून आत गेले.

त्यानंतर सर मला अधूनमधून भेटत. एस.टी. स्टँडवर, बाजारात, एकदा एका लग्नात. निवृत्त झाल्यावर त्यांचे केस पार पांढरे झाले होते, पण छत्री तीच. तब्येत विचारून झाली, गोदामाचं विचारून झालं की निघताना ते हमखास म्हणत, "बाबांना विचारलंस का?" पहिल्यांदा मी अस्वस्थ झालो. मग वाटलं, म्हातारपणी एखादी गोष्ट डोक्यात अडकते, तशी माझी ती जुनी कथा सरांच्या डोक्यात अडकली असेल. मी हसून म्हणायचो, विचारतो सर. लग्नात भेटले तेव्हा तर माझ्या बायकोसमोर त्यांनी विचारलं. तिनं नंतर मला विचारलं की काय विचारायचं आहे? मी म्हटलं, काही नाही, सरांची सवय आहे ती. सात-आठ वर्षं मी तो प्रश्न सवयच समजत होतो.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत एक पोस्टकार्ड आलं. अक्षर काकूंचं होतं. बाबांची नजर आता गेल्यासारखीच आहे. आयुष्यभर तारा बघितल्यावर बहुतेकांचं तसं होतं. ते ओट्यावर बसले होते, टपालवाल्याचा आवाज त्यांनी ओळखला आणि हवेत बघून म्हणाले, "काय आलं?" मी कार्ड मोठ्यानं वाचलं. काकूंनी लिहिलं होतं:

"मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले होते. मी हाक मारली. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्याआधी काय झालं ते मला माहीत नाही. चष्मा हातात होता. शांत वाटले, पण हे मला वाटलं. त्यांच्या वहीत तुझा पत्ता होता म्हणून कळवते."

"सर गेले," मी म्हटलं. बाबांनी विचारलं, "आपल्याकडं आलते, ते मास्तर?" मी हो म्हटलं. बाबांनी दोन्ही हात ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "मानूस चांगला. त्यांनी तुला सांगितलं तवा मना बरं वाटलं व्हतं."

मी म्हटलं, "काय सांगितलं?"

"मी त्यांना बोल्लो ते."

"त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, बाबा."

बाबांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

"तू चाय आणाय गेलतास. मी मुद्दाम धाडला तुला. मास्तर हाय, पोराला नीट सांगल, म्हणून त्यांना बोल्लो." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी बोल्लो, याचा हात लय चांगला हाय. माझ्यापेक्षा चांगला. म्हणून मना भ्याव वाटतं. हात एकदा बसला की मानूस स्टुलावरून उठत न्हाय. मी उठलो न्हाय. म्हणून उगाच तार चुकली बोलतो, कंटाळून जाईल म्हणून. मी मागं दुसरा मानूस बघतो. याला शिकू दे, किती शिकायचं तेवढं."

ओट्यावरचा कुत्रा आता दुसरा आहे. तो बाबांच्या पायाशी झोपला होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

बाबा म्हणाले, "तू गोदामात लागलास तवा मी मनात बोल्लो, मास्तरांनी एवढं सांगून बी याला शिकायचं न्हाय. ऱ्हाऊ दे. जबरदस्ती कशाला."

म्हणजे इतकी वर्षं मी बाबांच्या मनात शिरून त्यांची गोष्ट सांगत होतो आणि बाबा माझ्या मनात शिरून माझी. निरोप्या म्हणून बाबांनी साऱ्या भिवंडीतून नेमका तोच माणूस निवडला होता, जो दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडून कधी बोलला नसता. बाबांनी आपल्याकडे निरोप दिलाय हे सरांना कळत असणार, असं मला आता वाटतं. वाटतं एवढंच म्हणतो. स्टँडवर, बाजारात, लग्नात, बायकोसमोर, जेवढं बोलणं त्यांच्या नियमात बसत होतं तेवढं ते दरवेळी बोलत होते. बाबांच्या वतीनं सांगायला ते तयार नव्हते, पण मला विसरूही देत नव्हते. कधीकधी मला त्यांचा रागही येतो. एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मग ते गल्लीच्या तोंडाशी थांबलेले आठवतात आणि वाटतं, त्या वयात सरांच्या तोंडून ऐकून मी त्यावर विश्वास ठेवला असता का? मी म्हटलं असतं, सर आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतायत.

एम.ए.चा तो जुना फॉर्म अजून पेटीत होता. कागद पिवळा पडला होता, चालला नसता. यंदा नवा आणून भरला आहे, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा. सिलॅबसमध्ये कथेचा पेपर आहे आणि निवेदकाचा प्रश्नही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. कार्ड वाचून झाल्यावर मी ओट्यावर बाबांच्या शेजारी बसलो. आमच्या मधे कुणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सरळ विचारलं, की मी सोमवारपासून ड्युटीला जातो असं कुत्र्याला सांगितलं आणि तुम्ही उठून आत गेलात, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?

बाबांनी सांगितलं. बराच वेळ सांगत होते, मधे मधे थांबत होते. ते मी इथं लिहीत नाही. ते मला सांगितलेलं आहे.

अंधार पडायच्या आत मी काकूंना कार्ड लिहायला घेतलं. सांत्वनाचं काय लिहितात ते मला नीट येत नाही. दोन ओळी लिहिल्या, त्या खोट्या वाटल्या म्हणून खोडल्या. शेवटी लिहिलं, "काकू, बातमी मिळाली. सरांना एक कळवायचं राहून गेलं. बाबांना विचारलं."